मागच्या खोलीत रेल्वे मांडताना या चुका टाळा

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, मागची खोली रिकामी झाली आणि लहानपणापासून मनात धरलेली छोटी रेल्वे आता मांडायचीच असे घरातल्या कर्त्या माणसाने ठरवले, की सोलापुरात पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी इंजिन येते, मग डबे येतात, मग आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा तक्ता टेम्पोतून येतो आणि तो जिन्याच्या वळणावर अडकला की खोली मोजण्यासाठी टेपची शोधाशोध सुरू होते. अशा अनेक मांडण्या मला आजवर दाखवण्यात आल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा बिघाड रुळांत किंवा इंजिनात नव्हता, तर खोलीचा आणि स्वतःच्या हाताच्या लांबीचा विचार न करता केलेल्या खरेदीत होता. (या छंदात मांडणीला ‘लेआउट’ म्हणतात, पण सोलापुरात तो शब्द उच्चारला की समोरचा माणूस एन.ए. प्लॉटचा भाव विचारतो, म्हणून मी ‘मांडणी’ असेच म्हणतो.)

सगळे स्टेशन खोलीत आणण्याचा हट्ट

आपले गाव रेल्वेचे. १८६० साली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे येथे पोचली आणि पुढे येथे विभागीय कार्यालयही आले. त्यामुळे नवख्या माणसाला सोलापूरचे सगळे फलाट, यार्ड आणि जमल्यास होटगीचा फाटाही हवा असतो. अशा माणसाला मी कागद-पेन्सिल देऊन एवढेच गणित करायला सांगतो. छोट्या रेल्वेचे एचओ प्रमाण म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याइतके. लांब पल्ल्याच्या गाडीचा एल.एच.बी. डबा प्रत्यक्षात साडेतेवीस मीटरांचा असतो, तो या प्रमाणात २७ सेंटिमीटरांचा होतो. बावीस डबे आणि पुढे एक इंजिन जोडले तर गाडीच सहा मीटरांहून लांब होते, आणि आपली खोली लांबीला १२ फूट, म्हणजे जेमतेम ३.६ मीटर असते. त्यातून दोन्ही टोकांच्या वळणांना ६० सेंटिमीटर त्रिज्येप्रमाणे १.२ मीटर सोडले की सरळ जागा २.४ मीटर उरते. लूप लाइनच्या, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या मार्गाच्या, दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा रूळ, लागतो, सांध्यापुढे दोन रूळमार्ग एकमेकांपासून पुरेसे दूर होईपर्यंत आणखी जागा जाते, आणि प्रत्येक टोकाला ४० ते ४५ सेंटिमीटर खर्ची पडतात. उरलेल्या दीड मीटरमध्ये इंजिनासह चार डबे नीट उभे राहतात, पाचवा राहत नाही. ज्याला हे चार डबे मान्य असतील त्याने पुढे जावे. ज्याला मान्य नसतील त्याने निम्म्याच्या आसपास लांबीचे एन प्रमाण, म्हणजे १:१६०, निवडावे. मात्र चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी एनचे डबे रुळावर चढवताना काय होते, हे आधी कोणाकडे तरी जाऊन पाहून यावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आपल्या जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि नंतर तिची ब्रॉडगेज झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते. त्याला ८७ ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि एन प्रमाणाचे रूळ असतात ९ मिलिमीटरांचे. म्हणजे एनच्या रुळांवर १:८७ प्रमाणाचे नॅरोगेजचे डबे जवळजवळ तंतोतंत बसतात. या जोडीला एचओई म्हणतात. डबे आखूड, इंजिन आखूड, वळण २५ सेंटिमीटर त्रिज्येचे असले तरी विजोड दिसत नाही, आणि डबा बोटांत धरता येतो. डब्यांचे सांगाडे मात्र स्वतः घडवावे लागतात, आणि ज्यांना पुडके फोडून लगेच गाडी पळवायची असते त्यांना हा सल्ला आवडत नाही. उलट ब्रॉडगेज एचओच्या १६.५ मिलिमीटर रुळांवर थोडी अरुंदच दिसते, कारण ते अंतर मुळात १४३५ मिलिमीटरच्या गेजचे आहे. आपले १६७६ मिलिमीटर मोजून उतरवले तर १९.३ मिलिमीटर व्हायला हवेत. हा फरक मी सोसतो. समोरून पाहिल्याशिवाय तो जाणवत नाही.

त्रिज्या आणि व्यास

ही चूक शिकलेली माणसे अधिक करतात. खोक्यावर ३६० मिलिमीटर लिहिलेले असते, माणूस ‘सव्वा फूट, म्हणजे दीड फुटात बसेल’ असे म्हणतो आणि तो आकडा त्रिज्येचा आहे हे विसरतो. पूर्ण वळणाला ७२ सेंटिमीटर आणि कडेची मोकळी जागा धरून ८५ सेंटिमीटर रुंदी लागते. त्यात २७ सेंटिमीटरांचे लांब डबे एवढ्या तंग वळणावर आतल्या बाजूला पोट काढतात आणि बाहेरच्या बाजूला टोके फेकतात. डब्याच्या लांबीच्या दुप्पट त्रिज्या असेल तर काही डबे कसेबसे वळतात, अडीचपट असेल तर भरवसा ठेवता येतो आणि तिप्पट असेल तर बघवतेही. लांब डब्यांसाठी हे आकडे अनुक्रमे ५४, ६८ आणि ८१ सेंटिमीटर येतात. चार फुटी तक्त्यावर कडेला जागा सोडून ५५ सेंटिमीटरच्या वर त्रिज्या बसत नाही, हे तक्ता घेण्यापूर्वी कळलेले बरे.

संगणकावर आराखडा काढणाऱ्यांना मी हसत नाही, पण माझी सवय जुनी आहे. आमच्या मागच्या खोलीत शहाबादी फरशी आहे आणि ती दोन-दोन फुटांची असल्यामुळे सबंध खोली म्हणजे आयता आलेखाचा कागद आहे. मी सुतळी, खिळा आणि खडू घेऊन मांडणी तिच्या खऱ्या आकारात जमिनीवर आखतो आणि आठ दिवस तशीच ठेवतो. सांध्यांच्या जागी सांध्याच्या लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवतो, कारण पेन्सिलीने काढलेला सांधा कितीही आखूड होतो, विकत आणलेला मध्यम सांधा मात्र २१९ मिलिमीटरांचाच असतो. आठ दिवसांत दार कुठे उघडते, कपाटाचा खण कुठे अडतो आणि गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले तर गाद्या कुठे घालायच्या, हे सगळे प्रश्न घरातली माणसे आपणहून विचारतात. तेवढे दिवस ती फरशी पुसू नये, असे घरात आधी सांगून ठेवावे लागते. मी एकदा सांगायला विसरलो आणि सबंध कुर्डुवाडी जंक्शन एका सकाळी ओल्या फडक्याने गेले.

हात जेथे पोचत नाही तेथे रूळ

आता माझ्या मनातली पहिली मोठी तक्रार. जुळे सोलापुरात एक ओळखीचा तरुण आहे. हुशार, हाताने चांगला, पण घाईचा. त्याने आठ बाय चारचा अखंड तक्ता खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींलगत बसवला. मी खडूचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “काका, बसतंय की सगळं! खडूनं काय आखायचंय त्यात?” आणि खरोखरच सगळे बसले होते. दुहेरी मार्ग होता, गाड्या उभ्या करायला चार सायडिंग होत्या आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रावर प्लॅस्टर थापून केलेला डोंगर व त्यातून जाणारा बोगदा होता. दिसायला तो डोंगर उत्तम होता, हे मला कबूल केले पाहिजे.

एका रविवारी त्याने पाहुण्यांना गाडी दाखवायला बोलावले, त्यात मीही होतो. पहिल्या दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीला गाडी बोगद्यात गेली आणि बाहेर आली ती एकट्या इंजिनाच्या रूपात. डबे आत राहिले होते. इंजिन फेरी पूर्ण करून पुन्हा बोगद्यात शिरले आणि आतून कोणीतरी डबा आपटावा तसा आवाज आला. त्याने हात घातला. पुढच्या कडेपासून बोगद्याचे तोंड साडेतीन फुटांवर होते. मग पडद्याची काठी आली, मग तिला वाकवलेली तार बांधली गेली, आणि शेवटी तो गुडघ्यावर सायडिंगमध्ये चढला. गुडघ्याखाली एक सिग्नल गेला. काठीने ढकललेले इंजिन मात्र पुढे न येता मागे सरकले आणि तक्ता व भिंत यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीतून थेट जमिनीवर पडले. फरशीवर लोखंड पडल्याचा तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला अधिक सांगायला नको. त्याची पुढची बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, तुटली होती आणि तिचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. बोगद्यात चूक एवढीच होती की आत रुळाचा एक जोड होता आणि त्याची फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, रुळात शिरण्याऐवजी खाली सरकली होती. बाहेर असता तर चिमट्याने दोन मिनिटांत नीट झाला असता.

छातीपेक्षा थोड्या खालच्या उंचीवरच्या मांडणीवर माझा हात ६० सेंटिमीटरपर्यंत सहज पोचतो आणि ७५ पर्यंत ताणून. ताणलेल्या हाताने डबा रुळावर चढत नाही, फक्त पडतो. म्हणून मी भिंतीलगत ४५ सेंटिमीटर रुंद फळी धरतो आणि स्टेशनच्या जागी ती ६० पर्यंत वाढवतो. कोपऱ्याचा हिशेब वेगळा आहे. ६० सेंटिमीटरच्या दोन फळ्या जेथे मिळतात तेथे आतल्या टोकापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत ८५ सेंटिमीटर होतात, म्हणून कोपऱ्यात सांधा, जोड किंवा बोगदा यांपैकी काहीही ठेवत नाही. बोगदा हवाच असेल तर डोंगर टोपीसारखा उचलता आला पाहिजे. अखंड तक्ताच हवा असेल तर तो खोलीच्या मध्यभागी ठेवावा आणि चारही बाजूंनी दोन-दोन फूट फिरायला जागा सोडावी, म्हणजे खोली किमान बारा बाय आठ फुटांची लागते, आणि बाकी त्या खोलीत काहीही राहत नाही. दारासमोरून मार्ग जात असेल तर तेथे उचलून काढायची फळी करावी. ‘खालून वाकून जाऊ’ हे उत्साहाचे वाक्य चाळिशीनंतर टिकत नाही.

त्या तरुणाने आता तक्ता करवतीने दोन भागांत कापला आहे. खडू मीच दिला.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्याची हौस सर्वांना असते. एचओमध्ये खालच्या रुळापासून सुमारे ७६ मिलिमीटर मोकळी उंची, वर फळीची जाडी, म्हणजे एकूण ९ सेंटिमीटर चढावे लागते. शंभरात दोन हा चढ धरला तर साडेचार मीटर चढायला आणि तितकेच उतरायला लागतात. भोर घाटाचा सर्वांत अवघड चढ सदतिसात एक आहे आणि तेथेही मागून इंजिने लावतात. नवखा माणूस मात्र वीसात एक चढ करतो आणि इंजिन दुबळे निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतो.

विजेसाठी सबंध मार्गाला दोनच तारा जोडून बाकीचे फिशप्लेटवर सोपवू नये. मी फळीखालून घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी तार खेळवतो आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारेने स्वतंत्र जोडतो. रंग कधीही बदलत नाही, त्या दिवशी काळी तार संपली असेल तर काम थांबवतो. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, आम्लाचा फ्लक्स वापरू नये. रुळावर काही महिन्यांत हिरवट बुरशीसारखा थर येतो. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल संदेश देणारी पद्धत, असेल तर मार्गात ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर नाणे ठेवून पाहावे, प्रत्येक ठिकाणी वीज तत्काळ तुटली पाहिजे. तुटली नाही तर तेथे तार कमी पडते आहे.

फळीचे लाकडी पाय जमिनीला व भिंतीला टेकवले की वाळवी येते. लोखंडी स्लॉटेड अँगल घ्यावा.

मांडणीवर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादर पांघरणे, ही आमच्या गावची खास चूक आहे आणि तिच्यामागची भावना मला समजते. परंतु चादरीचा सुती तंतू सांध्यांच्या पात्यांत आणि इंजिनाच्या दातेरी चाकांत जातो. एकदा एका इंजिनाची मोटर तापते म्हणून मी ते उघडले तेव्हा आसाभोवती मेंदी रंगाच्या सुताची अख्खी गुंडाळी निघाली. साधे प्लॅस्टिकचे कापड घालावे आणि शेजारी यंत्रमाग असेल तर खिडकीला बारीक जाळीही लावावी.

जानेवारीत ठोकलेले रूळ

ही चूक मी स्वतः केली असल्यामुळे तिच्याबद्दल मला अधिक बोलण्याचा हक्क आहे. संक्रांतीच्या सुट्टीत, हवा थंड आणि मन उत्साही असताना, मी खिडकीलगतच्या भिंतीवर चार मीटरांचा सरळ मार्ग बसवला. फिशप्लेटमधून वीज कधी जाते, कधी जात नाही, याचा मला वैताग आला होता, म्हणून मी एकूण एक जोडांना डाग देऊन टाकला. रूळ अखंड झाला, गाडी पाण्यासारखी धावू लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. दर अर्ध्या मीटरवर खिळा ठोकला होता, मधे काही नव्हते.

आमची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि वर स्लॅबखेरीज काही नाही. मे महिन्यात सोलापूरचे तापमान बेचाळिशीच्या पुढे जाते, तेव्हा दुपारी तीन वाजता त्या खोलीत पंखा लावला तर तोही गरम हवाच फेकतो. अशाच एका दुपारी गाडी खिडकीजवळ येऊन थांबली. पाहतो तो रूळ दोन खिळ्यांमध्ये एका बाजूला धनुष्यासारखा सरकला होता, स्लीपर फळीवरून उचलले गेले होते आणि एका ठिकाणी डागाचा जोडच फाटला होता. मला आधी वाटले, कोणीतरी हात टेकवला असावा. मी घरातल्या प्रत्येकाला विचारले. तेवढ्यात शेजारचे, रेल्वेच्या पर्मनंट वे, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या, विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ वर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “कोणी हात लावला नाही हो. तुम्हीच रूळ कोंडलात. आम्ही उन्हाळ्यात भर दुपारी याच्यासाठीच गस्त घालत होतो.”

त्यांनी सांगितलेला हिशेब साधा आहे. या छंदातले रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. असा एक मीटर रूळ एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतो. खोलीत जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत २० अंशांचा फरक पडला तर चार मीटरांचा अखंड रूळ जवळजवळ १.४ मिलिमीटर लांबतो. हा आकडा ऐकून हसू येते. परंतु ती वाढ अर्ध्या मीटरच्या एकाच टप्प्यात साठली, तर रूळ बाजूला दीड सेंटिमीटरपर्यंत फुगू शकतो, कारण लांबीतली थोडीशी वाढ बाकात मोठी होऊन दिसते. शिवाय कोरड्या हवेत लाकूड आकसते, म्हणजे वर रूळ लांबतो आणि खाली पाया आखडतो, हे दोन्ही एकाच महिन्यात होते.

तेव्हापासून मी वळणावर, जेथे सुटा जोड कोन धरतो तेथेच, दोन तुकड्यांना डाग देऊन एक करतो. सरळ मार्गावर प्रत्येक तुकडा मोकळा ठेवतो आणि त्याला स्वतःची तार देतो, त्यामुळे फिशप्लेटकडे फक्त रूळ एका रेषेत ठेवण्याचे काम राहते. लवचीक रुळाचा तुकडा ९१४ मिलिमीटरांचा असतो आणि २० अंशांना तो ०.३ मिलिमीटर वाढतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद साधारण तेवढाच असतो. हिवाळ्यात रूळ बसवताना मी दोन तुकड्यांमध्ये पत्रिकेचा कपटा धरतो, फिशप्लेट सरकवतो आणि मग कपटा ओढून काढतो. वळणावरच्या जोडतुकड्याला दोन कपटे. घरात पत्रिकांची कमतरता कधीच नसते. खरे म्हणजे रूळ ठोकायचे ते चैत्र-वैशाखातच, भर दुपारी, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण तेव्हा जोड चिकटून बसवले तरी पुढे ते फक्त उघडणारच असतात. घाम गळतो, चष्मा नाकावरून घसरतो आणि घरातले लोक वेड्यात काढतात, पण रूळ जागचा हलत नाही. हे सांगितल्यावर ‘काका, ए.सी. लावतो ना खोलीत’ असे उत्तर मला एकाहून अधिक जणांनी दिले आहे. ए.सी. तुम्ही बाहेर गेल्यावर बंद असतो.

खडी

खडी टाकली की मांडणी खरी वाटू लागते आणि म्हणूनच ती सगळे जण फार लवकर टाकतात. निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एवढ्याने खडी दगडासारखी बसते, आणि तिच्याखाली चुकलेला जोड असेल तर तोही दगडासारखा बसतो. सांध्याच्या पात्यांजवळ तर थेंबभरही द्रव जाऊ देऊ नये. मी तेथे आधी मशीन ऑइलचे बोट फिरवतो आणि खडी ब्रशने कोरडीच लोटतो. माझ्या मांडणीवर मे महिन्यातली एक अख्खी दुपार बिनखडीच्या रुळांवर गाडी चालवून झाल्याशिवाय खडीची पिशवी मी फोडत नाही. यंदाची पिशवी अजून माळ्यावरच आहे, कारण खिडकीजवळचा तिसरा जोड मला अजून पटलेला नाही.